केवड्याचं पहिलं नाव

भाद्रपद लागला की महाद्वार रोडला केवडा दिसायच्या आधी त्याचा वास येतो. घाटाखालून आलेली कणसं ओल्या गोणपाटात गुंडाळून बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. यंदाही गवरीच्या आदल्या दिवशी मी तिथं उभी होते आणि एक फुलवाली गळा ताणून सांगत होती, “घ्या की ओ पावणं. कपाटात ठिवा नुसतं. वरीसभर लुगड्याला वास न्हाय ऱ्हायला तर नाव बदलून ठेवीन.” मला हसू आलं. तिला वाटलं माझा विश्वास बसला नाही, म्हणून तिनं कणीस उलगडून एक पिवळी पात माझ्या नाकाशी धरली. घेतलं मी. केवड्याच्या पातीला करवतीसारखे काटे असतात. ते दर वर्षी माझ्या बोटाला लागतात आणि दर वर्षी मी विसरते.

“नाव बदलून ठेवीन” हे आमच्या गावात दिवसातनं दहा वेळा कानावर पडतं. माणसं कशावरही नावाची पैज मारतात. तांबड्या रश्श्यावर, कुस्तीवर, उद्या पाऊस उघडेल का यावर. बदलत कुणीच नाही. बदलतात फक्त बायका, आणि त्याही पैज न हरता. माझ्यावर ती वेळ दहा वर्षांपूर्वी आली होती, अशाच गवरीच्या दिवसांत. वनस्पतीशास्त्राच्या एम. एस्सी.चं माझं शेवटचं वर्ष होतं आणि लग्न ठरलं होतं. त्या एका पावसाळ्यात मी झाडांच्या नावांसाठी रानोमाळ हिंडत होते आणि घरी माझं नाव जायला निघालं होतं.

माझं नाव केतकी. केतकी म्हणजे केवडाच. आणि आम्ही शंकराची माणसं, गळ्यात लिंग घालणारी. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते, यातली गोम अशी की केतकीनं म्हणे एकदा देवांच्या भांडणात खोटी साक्ष दिली. महादेवानं चिडून सांगितलं, माझ्या पूजेत तू नकोस. तेव्हापासून बेल चालतो, धोत्र्याचं फूल चालतं, केवडा चालत नाही. आता असल्या घरात मुलीचं नाव केतकी कोण ठेवील? माझ्या आत्यानं ठेवलं.

आत्या आमच्याच पेठेत, लक्ष्मीपुरीत, वाढली आणि लग्न होऊन कबनूरला गेली. घरात यंत्रमाग, शेजारी माग, गावभर मागांचा खडखडाट. त्यामुळं हळू बोलणं ती विसरूनच गेली होती. माझ्या बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. तिनं “कुर्रर्र” म्हणून माझ्या कानात जे सांगितलं ते गल्लीच्या टोकाला पानपट्टीवाल्यानंही ऐकलं म्हणतात. घरी आलेल्या स्वामींनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, “अहो, महादेवाच्या घरात केतकी?” आत्या म्हणाली, “मला वास आवडतोय.” बास. एवढाच विचार. तिच्या मनात पुराण नव्हतं, कपाटातली माहेरची साडी होती. बाबांचं भुसाराचं दुकान, ते दुकानदारी भाषेत म्हणाले, “पाटी रंगवून झाली, आता काय पुसायची?” आणि मी केतकी झाले. वर्षातनं एकदा, महाशिवरात्रीला, महादेवाला केवडा चालतो. म्हणून चुलत भावंडं मला शिवरात्रीची पाहुणी म्हणायची. मला राग यायचा, पण नाव आवडायचं. वर्गात दुसरी केतकी नव्हती.

एम. एस्सी.ला आम्हाला वनस्पतींची नावं आणि वर्गीकरण शिकवायला जे सर होते, ते मूळचे आजऱ्याचे. लॅटिन त्यांच्या तोंडी काजूच्या बियांसारखं खुळखुळायचं, पण मराठी अस्सल गावची. शास्त्रीय नाव लिहिताना ज्या माणसानं ते नाव पहिल्यांदा दिलं त्याचा उल्लेख पुढं करायचा असतो, आणि झाड नंतर दुसऱ्या प्रजातीत, म्हणजे दुसऱ्या घरात, हलवलं गेलं असेल तर त्या पहिल्या माणसाला कंसात ठेवायचं असतं. तो कंस विसरला की सर निम्मे गुण कापायचे. पोरांनी त्यांचं नाव कंसमामा ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं. हजेरी घेताना एकदा म्हणाले, “मामा आलाय, गप बसा.”

मला ती नावं पाठ करायचा आधी कंटाळा होता. मग सरांनी ती फोडून दाखवायला सुरुवात केली आणि मला वेडच लागलं. तेरड्याची पिकलेली शेंग हातात धरली की फट्कन उडते, दम म्हणून नाही. म्हणून तो इम्पेशन्स, उतावळा. आपण म्हणतो तेरड्याचा रंग तीन दिवस. दोन्हीकडं बिचाऱ्याची बदनामीच. लाजाळू म्हणजे मिमोसा प्युडिका, लाजरी नक्कल करणारी. रस्त्याकडेची एकदांडी म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स, पाकळीला तीन दात आणि अंग जमिनीवर पालथं. आणि गणपतीला एकवीस मोजून वाहतो ती दूर्वा, सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे चक्क कुत्र्याचा दात आणि हाताचं बोट. हे मी गणपतीच्या दिवशी आईला सांगितलं. तिनं हातातली जुडी देवाला वाहिली आणि शांतपणे म्हणाली, “आणि एकदा देवघरात असलं काय बोललीस तर बघ.”

श्रावण-भाद्रपदात आमच्या सहली राधानगरीकडच्या सड्यांवर. खडकावर बोटभर माती, तिच्यावर पाणी साचलेलं, आणि त्यात इतकी फुलं की पाय ठेवायला जागा शोधावी लागे. पायाला जळवा, डोक्यावर पाऊस, आणि सर खडकावर उकिडवे बसून भिंगातून बघणार. एकदा असेच आम्ही सातआठ जण एका निळ्या इवल्या फुलाभोवती माना घालून बसलो होतो. भांगलणीहून परतणारी एक बाई इरलं सावरत थांबली.

“काय हुडकाय लागलाईसा?”

“नाव हुडकाय लागलोय,” सर म्हणाले.

“त्यात काय हुडकायचं? सीतेची आसवं न्हवं का ही.” आणि गेली.

त्या फुलाचं शास्त्रीय नाव युट्रिक्युलारिया. म्हणजे छोटी पिशवी. त्याच्या मुळांच्या जागी बारक्या पिशव्या असतात, पाण्यातले किडे त्यात सापडतात आणि झाड ते पचवतं. एकीला वर अश्रू दिसला, दुसऱ्याला खाली पोट दिसलं. मी सरांना विचारलं, खरं नाव कुणाचं? सर भिंग पुसत म्हणाले, “दोघांनीबी बरोबरच बघितलंय. तिनं वरनं, त्यानं खालनं.”

“पण आधी कुणी बघितलं?”

“तिच्या पणजीनं. पण पणजीनं छापलं न्हाय. आमच्याकडं छापंल त्याचं पयलं.” थोडं थांबून म्हणाले, “हे काय लई बरोबर हाय असं न्हाय. म्हणून तर चिठ्ठीवर गावातलं नावबी लिव म्हणतो.”

त्या चिठ्ठीचं सांगायला हवं. वाळवलेली वनस्पती कागदावर शिवली की खाली कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवायची. शास्त्रीय नाव, गावातलं नाव, ठिकाण, आणि शेवटी संग्राहक. त्या ओळीत मी माझं नाव लिहायची. पावसाळ्यात झाडं वाळवणं म्हणजे दिव्यच, बुरशी लगेच. मी ती वर्तमानपत्रांत घालून बाबांच्या दुकानात शाळूच्या पोत्यांखाली दाबून ठेवायची. गिऱ्हाईक नेमकं तेच पोतं मागायचं. बाबा म्हणायचे, “त्यातलं नको, खाली रान हाय.” असं करून शंभरावर कागद तयार झाले होते. शंभर वेळा संग्राहक: केतकी. हौसेनं घर बांधावं तसं मी ते एकावर एक रचत होते.

लग्न ठरलं ते गडहिंग्लजच्या पुढं, सीमेलगतच्या एका गावात. मुलगा शिवानंद, साखर कारखान्यात केमिस्ट. घरची ऊसशेती. बघायला आला तेव्हा त्यानं मला बाकीचं काही न विचारता, उसाचं शास्त्रीय नाव विचारलं. मी सॅक्करम ऑफिसिनॅरम सांगितलं, तर म्हणाला, “मला माहीत होतं, तुम्हाला येतंय का बघितलं.” आगाऊपणाच तो. पण मला आवडला. घरात सगळ्यांना आवडला. साखरपुडा झाला, आणि आठच दिवसांत मध्यस्थ काका निरोप घेऊन आले. बाकी सगळं उत्तम, फक्त नाव बदलू. लग्नानंतर ताटातल्या तांदळात अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात, तिथं उमा लिहायचं ठरलंय. केतकी नको. देवाला चालत नाही.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला तर नाहीच. तिचंही नाव बदललेलं होतं, आणि जुनं विचारलं तर “आता कशाला?” म्हणायची. मला म्हणाली, “नाव बदललं म्हणून हाडं बदलत्यात व्हय? उमा किती छान हाय. देवीचं हाय.” बाबा हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले. मी जेवायची नाही, बोलायची नाही, आदळआपट करायची. मला नीट सांगताही येत नव्हतं की मला काय होतंय. उमा वाईट नव्हतंच. पण ती माझ्या कागदांवरची बाई नव्हती. सड्यावर पावसात बसून जिनं ती फुलं गोळा केली ती कुठं जाणार होती?

कबनूरहून आत्या धावत आली. आली ती दारातूनच, “चूक माझी हाय. मी सांगतो त्यास्नी. मी पाया पडतो त्या बाईच्या.” आमच्याकडं बायकाही येतो-जातो म्हणतात, आत्या तर कायमच. मग माझ्याजवळ बसून, तिच्या मानानं हळू आवाजात, म्हणाली, “शिवरात्रीला चालती की गं केतकी. एक दिस का हुईना, चालती. मग पोरगी का चालत न्हाय?” मला रडू आलं. माझ्यापेक्षा तिला जास्त लागलं होतं. इतकी वर्षं गंमत म्हणून सांगितलेली बारशाची गोष्ट तिला अचानक गुन्हा वाटायला लागली होती.

त्याच आठवड्यात तास होता नावांच्या अग्रहक्काचा. सरांनी फळ्यावर पळस काढला. म्हणाले, हा पळस पहिल्यांदा ज्यानं पाहिला त्याला वाटलं हा पांगाराच. म्हणून पांगाऱ्याच्या घरात घालून त्यानं नाव दिलं मोनोस्पर्मा, एका बीचा. मग दुसरे आले, त्यांनी पळसाला स्वतःचं घर दिलं, ब्युटिया, आणि नाव ठेवलं फ्रॉन्डोसा, पानांचा. जुन्या पुस्तकांत सगळीकडं फ्रॉन्डोसाच. कितीतरी वर्षं. आणि मग कुणीतरी जुनी पानं चाळली आणि म्हणालं, अरे, ह्याला आधी नाव होतं की. झालं. फ्रॉन्डोसा खाली गेलं आणि मोनोस्पर्मा परत आलं. “घर बदलंल,” सर म्हणाले, “नाव बदलायचं न्हाय. पयलं दिलेलं नाव झाडाबरोबर नव्या घरात जातंय. आणि ज्यानं ते दिलं त्याला कंसात घ्यायचं. का? विसरू नये म्हणून.”

पोरं नेहमीसारखी खुसखुसली. मी वही मिटली. तास संपल्यावर सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “सर, केवड्याचं बरोबर नाव कुठलं?”

आमच्या पुस्तकात होतं पॅन्डॅनस ओडोरॅटिसिमस, अतिशय सुगंधी. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, त्याच्याही आधीचं एक आहे. अरबस्तानात हिंडणारा एक तरुण माणूस होता, झाडं गोळा करता करता तिकडंच तापानं मेला. त्याचं काम त्याच्या मागं छापून आलं. त्यात त्यानं केवड्याला नाव दिलंय केउरा ओडोरिफेरा. केउरा हे आपल्या केवड्याच्याच जातकुळीतलं, लोकांच्या तोंडचं. आणि ओडोरिफेरा म्हणजे वास घेऊन जाणारी. “नंतर तिला पॅन्डॅनसच्या घरात नेलं. ते घरचं नाव मलायी लोकांकडचं. पण ‘वास घेऊन जाणारी’ हे तिचं तिच्याबरोबर गेलं. काही लोक आता तेच बरोबर म्हणत्यात, मलाबी पटतंय.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आणि मधल्या काळात कुणी दुसरी नावं दिली असतील ती आम्ही फेकून देत न्हाय. खाली लिहून ठेवतो. कुणी मायेनं दिल्याली असत्यात.” त्यांना माझ्या घरचं कळलं होतं का, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ते आता नाहीत.

हल्ली नव्या याद्यांमध्ये केवड्यापुढं तेच, पॅन्डॅनसच्या घरात गेल्यावर शेपूट गळून ओडोरिफर झालेलं, नाव लिहिलेलं असतं. मी मुलांना शिकवते तेव्हा त्या शब्दापाशी आवाज जरा चढतो. मुलांना वाटतं परीक्षेत येणार आहे, ती अधोरेखित करतात. अधोरेखित करायला माझी काही हरकत नाही.

तर त्या दिवशी वर्गातून मी बाहेर पडले ती ठरवूनच. नवरात्रानंतर बस्ता होता. दोन्ही घरची माणसं कापडाच्या दुकानात गादीवर बसलेली, समोर साड्यांचा ढीग, चहा येतोय. शिवानंदची आई माझ्यासमोर. त्यांना घरात सगळे अव्वा म्हणत. उंच, सावळी, कपाळाला विभूतीचे पट्टे, मराठीत मधेच कन्नड. दुकानदारानं हिरवी साडी उलगडली आणि मी म्हणाले, “अव्वा, मला नाव बदलायचं न्हाय.”

दुकानदाराचे हात थांबले. आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो आठवडाभर निळा होता. अव्वांनी साडीवरची नजर काढली.

“मी काय तुला वैरीण न्हवं बाळ,” त्या म्हणाल्या. “केतकी देवाला चालत न्हाय. सांजचं दिवा लावताना देव्हाऱ्यापुढनं तुला काय म्हणून हाक मारू? त्याच्याम्होरं ते नाव तोंडातनं कसं काढू?”

हे मी धरलंच नव्हतं. मी भांडायला आले होते मानपानाशी, आणि ह्या बाईची अडचण खरी होती. तरी मी तोंड उघडलं. आणि काय बोलले म्हणता? पळस बोलले, पांगारा बोलले, अरबस्तानात तापानं मेलेला माणूस बोलले. झाड घर बदलतं पण पहिलं नाव बरोबर नेतं, आणि ज्यानं ते दिलं त्याला कंसात जपून ठेवतात, असं सगळं सरांसारखं हातवारे करत सांगितलं. माझं नाव आत्यानं दिलंय, अव्वा, तिला कुठं ठेवू, असं म्हणाले. आत्या शेजारीच बसली होती. तिनं समोरची उलगडलेली साडी उगाच घडी घालायला घेतली.

अव्वांनी सगळं ऐकलं. शेवटी एवढंच विचारलं, “आणि झाडाला इचारत्यात का, तुला कुठलं पायजे?” मी म्हणाले, “न्हाय, झाडाला कोण विचारणार.” त्या “हौद” म्हणाल्या, म्हणजे होय, आणि हिरवी साडी बाजूला काढायला सांगितली.

घरी आल्यावर आईनं मला जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. दिवाळी आली तरी तिकडून नावाबद्दल हो नाही की ना नाही. लग्न मोडणार या धास्तीनं आई देवाला नवस बोलत होती आणि मी चिठ्ठ्या चिकटवत होते. संग्राहकाच्या ओळीशी आलं की हात थांबायचा. पुढच्या कागदावर काय लिहायचं? शिवानंद एकदा विद्यापीठातल्या आमच्या विभागात भेटायला आला. म्हणाला, “मला तू केतकीच बरी वाटतीस. पण अव्वाला डावलून मी तांदळात काय लिहिणार न्हाय. तिनं माझ्यासाठी लई केलंय.” मी म्हणाले, “मग तुमचं नाव बदलून बघा, कसं वाटतंय.” तो बराच वेळ माझ्या कागदांचा गठ्ठा चाळत बसला. एक एक चिठ्ठी वाचत होता, उसाच्या रसाची तपासणी करावी तसा. जाताना म्हणाला, “अक्षर चांगलं हाय तुझं.” असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

मार्गशीर्षात लग्न झालं. उसाची तोड चालू होती, वाटेत बैलगाड्याच बैलगाड्या. पाठराखीण म्हणून आत्या माझ्याबरोबर आली होती. दारात माप ओलांडलं, देवाच्या पाया पडलो, आणि पाट मांडून समोर तांदळाचं ताट आलं. घरच्या बायका गोळा झाल्या, साखरेची वाटी आली. एक पोरगी मागून म्हणाली, उमावहिनी छान दिसतीय. शिवानंदनं बोटातली अंगठी काढली आणि आईकडं बघितलं. त्याचा हात तांदळावर अधांतरी. आत्यानं माझा खांदा घट्ट धरला होता, तिची नखं मला टोचत होती.

“आण इकडं,” अव्वा म्हणाल्या.

त्यांनी अंगठी त्याच्या हातातून घेतली. तळव्यानं तांदूळ सारखे केले आणि ताटाच्या वरच्या कडेला लिहायला लागल्या. अक्षरं कन्नड. गोल गोल, सावकाश, शाळा सुटून चाळीस वर्षं झालेल्या हाताची. मला वाचता येईना. मी समजले, उमाच असणार. डोळे भरले तरी मी मान वर ठेवली. मग सासरे पुढं वाकले. त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांनी वाचलं, परत वाचलं, आणि बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले.

“शांता,” ते म्हणाले.

“माझं हाय,” अव्वा माझ्याकडं बघून म्हणाल्या. “माझ्या अव्वानं ठेवलेलं. हितं आले तर सासूचं नाव शांताच. एका घरात दोन शांता कशा चालतील? मग ह्यांनी तांदळात पार्वती लिवलं. मला कोण इचारलं न्हाय. मी बी कुणाला सांगितलं न्हाय. तू दुकानात बोललीस त्या दिवसापासनं रोज याद येतंय.” त्यांनी अंगठी पोराच्या हातात दिली. “आता तू लिव. तिचं हाय ते लिव.”

शिवानंदनं खाली मराठीत लिहिलं, केतकी. कुणीतरी साखर वाटली. आत्या मोठ्यानं रडत होती, आणि तिचं मोठ्यानं म्हणजे काय ते एव्हाना तुम्हाला कळलंय. अप्पा ताटाजवळून हलेनात. बोटाच्या टोकानं ते त्या गोल अक्षरांवर पडलेला एक तांदूळ बाजूला सारत होते.

सांज झाली. मी परसात हातपाय धूत होते. आत अव्वा दिवा लावायला बसल्या होत्या, उघड्या दारातून मला पाठमोऱ्या दिसत होत्या. निरंजन पुसलं, तेल घातलं, आणि हात थांबला. वात नव्हती. त्यांनी एकदा देवाकडं बघितलं. माझाही तांब्या हातातच राहिला. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, तोंड देवाकडंच ठेवलं आणि हाक मारली, “केतकी, वाती आण गं.” देवाला ऐकू गेलंच असणार, कारण मला परसात ऐकू आलं.